ढब्बू, ठकी आणि केळशीचा किनारा

कुत्र्यांना घेऊन कोकणात जायचं तर शनिवार-रविवार सोडून जावं. आडवारी किनारे मोकळे असतात, घरगुती राहण्याची सोय असते तिथे दुसरे पाहुणे नसतात आणि "आमच्याबरोबर कुत्री आहेत, चालतील का हो?" या प्रश्नाला होकार मिळण्याची शक्यता वाढते. लेकीच्या शाळेत स्नेहसंमेलन झालं की लागून सुट्टी असते. यंदा जानेवारीत ती मंगळवारपासून सुरू होत होती. तेवढ्यावर बेत ठरला.

ढब्बू आमचा नऊ वर्षांचा लॅब्रॅडोर. ठकी तीन वर्षांची, आमच्या सोसायटीच्या गेटपाशी पिल्लू म्हणून आलेली देशी. ढब्बूला याआधी आम्ही प्रवासाला जाताना बोर्डिंगमध्ये ठेवत असू. तिथली माणसं प्रेमाने बघायची, पण तो खाणं सोडून दाराकडे तोंड करून बसायचा. लॅब्रॅडोर साधारण दहा-बारा वर्षं जगतो. त्याच्या वाट्याला अशा किती जानेवाऱ्या उरल्यात हा विचार एकदा डोक्यात आल्यावर त्याला मागे ठेवून समुद्र बघायला जाणं माझ्याच्याने होईना.

फोन करताना मी काही लपवत नाही. दोन कुत्री आहेत, एक मोठा आहे, केस गळतात, सगळं आधी सांगते. नकार येतात आणि त्यामागे खरी कारणं असतात: कुणाकडे सोवळं, कुणाकडे कोंबड्या, कुणाचा स्वतःचा कुत्रा भांडखोर. केळशीच्या काकांनी मात्र उलट मलाच प्रश्न विचारले. "गाय व्यायलेली आहे, वासरू लहान आहे. बांधून ठेवाल ना? वाडीतल्या विहिरीला कठडा नाही, ते लक्षात असू द्या. आणि पाचोळ्यात फुरसं असतं, नाक खुपसू देऊ नका." इतकं नीट बोलणाऱ्या माणसाकडेच जायचं हे मी फोन ठेवायच्या आधी ठरवलं.

निघायच्या आठवडाभर आधी दोघांच्या मानेवर गोचिडांचं औषध टाकून घेतलं. कोकणातल्या गवतात आणि गोठ्यांच्या आसपास गोचीड भरपूर, आणि गोचीडतापात चांगला धडधाकट कुत्रा चार दिवसांत आडवा होतो. रेबीजचं इंजेक्शन आणि लेप्टोसह असलेली लस चालू आहे ना ते कार्डावर तपासलं. पट्ट्याला आमचा फोन नंबर कोरलेला बिल्ला लावला. नेहमीचं खाणं, घरचं पाणी, जुन्या चादरी, बीटाडीन, कापूस, बँडेज. ही पिशवी आमच्या कपड्यांच्या आधी भरली.

मंगळवार : पुणे ते केळशी

पहाटे साडेपाचला चांदणी चौक ओलांडला. ठकीला घाटात उलट्या होतात म्हणून तिला रात्रीनंतर काही दिलं नव्हतं आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी निघण्याआधी दिली होती. दोघांनाही हार्नेस घालून तो सीटबेल्टला अडकवलेला. मोकळा सोडलेला तीस-पस्तीस किलोचा कुत्रा करकचून ब्रेक लागल्यावर थेट पुढच्या माणसावर येतो, तेव्हा लाड बाजूला ठेवावे लागतात. सासूबाई पुढे, लेक मागे दोघांच्या मध्ये.

पौड गेलं, मुळशीच्या जलाशयावर धुकं होतं. तिथे पहिला थांबा. ढब्बू उतरला, अंग झाडलं आणि उभ्या उभ्या वाऱ्याचा वास घेत राहिला. ताम्हिणीत पुढे माकडं असतात, म्हणून काचा चार बोटंच उघड्या. ठकीने माकडं पाहिली आणि घाट संपेपर्यंत तिचं अंग ताठ होतं, पण उलटी नाही झाली. विळे, निजामपूर करत माणगावला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं.

माणगावात न्याहारी आळीपाळीने केली. आधी सासूबाई आणि लेक, मग आम्ही दोघं. एक जण सतत कुत्र्यांजवळ, सावलीत. बाहेर पंचवीस अंशांची छान हवा असली तरी उन्हातल्या बंद गाडीत अर्ध्या तासात चाळीसच्या वर तापमान जातं. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो अंग थंड ठेवतो, आणि हवाच तापलेली असेल तर धापांचा उपयोग होत नाही. "पाच मिनिटांत येतो" म्हणून काच किंचित उघडी ठेवून जाणारी माणसं मला अजून दिसतात. मी अशा गाडीपाशी उभी राहते आणि मालक आला की बोलते. त्याला राग आला तरी बोलते.

म्हसळ्यावरून बागमांडल्याला आलो. इथे सावित्रीची खाडी समुद्राला मिळते. पलीकडे वेश्वी आणि डोंगरावर बाणकोटचा किल्ला. फेरीबोटीत गाडी चढवली, इंजिनाची धडधड सुरू झाली तसा ढब्बू लेकीच्या मांडीवर डोकं ठेवून बसला. ठकीला साखळी लावून मी खाली उतरवलं. लोखंडी फळ्या दुपारी पायाला भाजतात, म्हणून आधी तळहात टेकवून पाहिला. माझा हात टिकला तर तिचे पंजे टिकतील एवढा साधा हिशोब. सावलीच्या बाजूला उभी राहिली आणि कान मागे टाकून खाडीचा वारा खात राहिली. एक कोळीण टोपली घेऊन शेजारी बसली होती. "पान्याला भीत नाय वाटतं," म्हणाली आणि ठकीच्या नाकाशी आपला हात नेला. मासळीच्या वासाचा तो हात ठकीने मन लावून चाटला.

केळशीला पोचायला दीड वाजला. नारळ-सुपारीच्या वाडीत कौलारू घर, पुढे शेणाने सारवलेलं खळं, मग पडवी, ओटी, माजघर. काकूंनी हद्द सांगितली: खळं, पडवी आणि आमची खोली कुत्र्यांची. माजघर आणि स्वयंपाकघर नाही. सासूबाईंना ते मनापासून पटलं. ढब्बू त्या थंड खळ्यावर पोट टेकून पसरला तो संध्याकाळपर्यंत हलला नाही. रात्री काकांनी आठवण केली, "पडवीत बांधू नका हां, आत घ्या. बिबट्या फिरतो. मागल्या वर्षी वरच्या आळीतला कुत्रा नेला." दोघंही आमच्या खोलीत, दाराला कडी लावून झोपले.

बुधवार : केळशी

पहाटे उठून किनाऱ्याकडे निघालो. सुरूच्या बनातून वाळूवर उतरणार तोच एका माणसाने हात करून थांबवलं. हातात विजेरी, पाठीला पिशवी. तो कासवमित्र होता, वनविभागाच्या कामासाठी रोज पहाटे किनारा चालणारा. "अर्धा तास थांबा ताई. मी एक फेरी मारून येतो. मग सोडा त्यांना खाली, पण साखळीनेच."

फेरी झाल्यावर त्याने आम्हाला नेऊन दाखवलं. ओल्या वाळूतून वर आलेला, ट्रॅक्टरचं चाक गेल्यासारखा पट्टा. रात्री ऑलिव्ह रिडले मादी समुद्रातून वर आली होती, भरतीच्या रेषेपलीकडे जागा शोधून मागच्या परांनी खड्डा केला, अंडी घातली, वाळू लोटून वर अंग थोपटलं आणि परत गेली. हा पट्टा बघूनच घरटं सापडतं. माणसं, गाड्या किंवा कुत्री आधी फिरून गेली की खुणा मोडतात आणि घरटं हरवतं. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी. कोल्हे आणि कुत्री ती वासावरून उकरून काढतात, म्हणून अंडी उचलून जाळीच्या कुंपणात तसाच खड्डा करून पुरतात. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. जवळच्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन २००२ च्या सुमारास हे काम सुरू केलं, त्याआधी ही अंडी माणसंही काढून न्यायची. आता कोकणातल्या अनेक गावांत कासवमित्र आहेत.

मी ठकीकडे पाहिलं. तिला वाळू उकरण्याचं वेड आहे. खेकड्याचं बीळ दिसलं की आधी मान तिरकी करून ऐकते, मग पुढचे दोन्ही पाय इतक्या झपाट्याने चालवते की वाळूचा झोत तिच्या मागच्या पायांमधून बाहेर पडतो. नाक आत खुपसते, फुर्रकन शिंकते, पुन्हा उकरते. खेकडा तोवर भलत्याच भोकातून निसटलेला असतो. हे बघायला आम्हाला फार आवडतं. पण हाच वास, हीच उकर एखाद्या घरट्यावर झाली तर सकाळच्या पाच मिनिटांत सगळं संपेल. नोव्हेंबर ते मार्च हा अंडी घालण्याचा काळ. त्यानंतर पिल्लं निघेपर्यंत मे उजाडतो. म्हणजे कोकणात फिरायला जायचा आपला जवळजवळ सगळा हंगाम.

त्या दिवसापासून आमची पद्धत ठरली. कासवमित्राची फेरी झाल्याशिवाय किनाऱ्यावर पाऊल नाही. साखळी लांब, दहा मीटरची, पण सोडायची नाही. चालायचं ते भरती-ओहोटीच्या मधल्या कडक ओल्या वाळूवरच, कारण घरटी वरच्या कोरड्या वाळूत असतात. उकरायला ठकीला मी पाण्याच्या कडेची जागा दिली. तिची काही तक्रार नव्हती. किनारा आपल्या कुत्र्याला मोकळं सोडण्यासाठी आहे असं समजून येणाऱ्यांना मला कळकळीने सांगावंसं वाटतं की दहा मीटरच्या साखळीवर कुत्रा तितकाच खूश असतो.

ढब्बू पाण्यात शिरला. लॅब्रॅडोर आणि पाणी म्हणजे काही शिकवावं लागत नाही, पण समुद्राचं पाणी ते लाटेबरोबर गिळतात आणि मग उलट्या-जुलाब लागतात. दर पंधरा मिनिटांनी बाहेर बोलावून गोडं पाणी पाजलं. काकांनी आणखी एक बजावलं होतं: वाळूवर काटेरी फुगलेला मासा पडलेला दिसला तर तिथून कुत्रा ओढून न्या. तो केंड. विषारी असतो आणि त्यावर उतारा नाही. लेकीने तेवढं काम स्वतःकडे घेतलं, पुढे चालून वाळू बघत जायचं. एक केंड तिला खरंच दिसला. जेलीफिशही दिसले.

नऊला परत. कुत्र्यांबरोबरच्या सहलीत दिवसाची मधली वेळ हातातून जाते असं लोक म्हणतात. आम्हाला तीच वेळ गवसली. दुपारभर कुठे जायचं नाही म्हटल्यावर सासूबाई काकूंबरोबर ओटीवर सुपारी निवडत बसल्या, लेक वासराला गवत घालायला शिकली, मी झोपाळ्यावर झोपले. जेवायला कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, सोलकढी. काकूंनी आपणहून ढब्बू-ठकीसाठी बिनमिठाचा गुरगुट्या भात केला होता. "कांदा-लसूण काही नाही घातलं," म्हणाल्या. कांदा-लसूण कुत्र्यांना बाधतो हे त्यांना त्यांच्या मुंबईच्या भाचीने सांगितलं होतं.

संध्याकाळी वाळूच्या टेकडीकडे गेलो. केळशीची ही टेकडी म्हणजे किनाऱ्यालगतचा वाळूचा मोठा उंचवटा. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिच्या थरांचा अभ्यास करून जुन्या त्सुनामीच्या खुणा मांडल्या आहेत. शेजारी भारजा नदी समुद्राला मिळते. परतताना गावची पाच-सहा कुत्री आडवी आली. शेपट्या ताठ, केस उभे. अशा वेळी आपलं कुत्रं उचलून घेणं किंवा साखळी ताणणं दोन्ही वाईट. ताणलेल्या साखळीवर कुत्र्याला वाटतं की मालक घाबरलाय. आम्ही थांबलो, साखळ्या सैल केल्या आणि आडव्या रेषेने हळूहळू लांबून वळलो. ठकीने नजर खाली केली. गाव त्यांचं होतं, ते तिला कळलं. एक म्हातारा तांबडा कुत्रा जवळ येऊन वास घेऊन गेला आणि बाकीचे पांगले.

गुरुवार : आंजर्ले, हर्णै

सासूबाईंना कड्यावरच्या गणपतीला जायचं होतं. नवरा त्यांना आणि लेकीला घेऊन गेला, मी कुत्र्यांजवळ राहिले. यात कुणी मागे राहिलं असं नाही. देवळात गर्दीत कुत्रा नेणं मला बरोबर वाटत नाही, आणि परक्या खोलीत त्यांना एकटं कोंडणं त्याहून नाही. आडे-पाडल्यावरून आंजर्ल्याचा रस्ता समुद्राला चिकटून जातो, तो लेकीने फोटोंमधून मला दाखवला. उजव्या सोंडेच्या गणपतीचं दर्शन झालं, वरून माडांची गर्दी आणि समुद्रात सुवर्णदुर्ग दिसला. सासूबाई तृप्त होऊन आल्या.

दुपारनंतर पाळी बदलली. नवरा घरी, मी आणि लेक हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव बघायला. बैलगाड्या पाण्यात शिरून होड्यांवरून मासळी आणत होत्या, वाळूवर पापलेट-सुरमईचे ढीग, बोली इतक्या वेगात की आकडे कळेनात. तिथे कुत्री नेली असती तर कुणाचा तरी दिवसाचा माल खराब झाला असता. येताना बोंबील आणले. ते काकांनी चुलीवर उकडून, काटे काढून दोघांना घातले.

शुक्रवार : दापोली

सकाळी ओहोटी होती. खडकांच्या बाजूला फिरताना ढब्बू एकदम थबकला आणि पुढचा उजवा पाय वर धरून उभा राहिला. ओरडला नाही. ओल्या खडकावर रक्ताचा ठिपका पडला, मग दुसरा. खडकांना कालवं चिकटलेली असतात. त्यांच्या कवचांच्या कडा सुरीहून धारदार. पंजाच्या मधल्या गादीवर दीड इंच चीर होती आणि आत वाळू गेली होती.

नवऱ्याने त्याला उचललं. घरी आणून खळ्यावर बसवलं, काकूंनी उकळून गार केलेलं पाणी आणलं. मी सिरिंजने चिरेत पाण्याची धार सोडत राहिले, वाळूचे कण एकेक करून बाहेर येत होते. ढब्बू थरथरत होता, पण त्याने पाय ओढला नाही. हनुवटी सासूबाईंच्या गुडघ्यावर टेकवली होती आणि त्या त्याच्या कपाळावरून अंगठा फिरवत "झालं हं राजा, झालं" म्हणत होत्या. ढब्बू घरात आला तेव्हा महिनाभर त्याला हात न लावणाऱ्या माझ्या सासूबाई. बीटाडीन लावलं, कापूस दाबून बँडेज बांधलं, वर लेकीचा मोजा चढवला.

दापोली तासाभरावर. काकांनी फोन करून पशुवैद्यकाची वेळ घेऊन ठेवली. डॉक्टर शांत स्वभावाचे. गादीची चीर खोल आहे, पण खालची शीर वाचलीये म्हणाले. भूल देऊन तीन टाके घातले, प्रतिजैविक आणि दुखण्याच्या गोळ्या दिल्या. मी घरातली माणसांची पॅरासिटामॉल देऊ का विचारणार होते, त्याआधी तेच म्हणाले, "माणसाची कुठलीही दुखण्याची गोळी देऊ नका. यकृत-मूत्रपिंडावर जातं." पाय कोरडा ठेवायचा, समुद्र बंद, चाटू द्यायचा नाही. फी विचारली तर पुण्यात देतो त्याच्या निम्म्याहून कमी.

संध्याकाळी किनाऱ्यावर ठकी एकटीच गेली, लेकीबरोबर. मी ढब्बूला घेऊन पडवीत बसले. समुद्राची गाज तिथे ऐकू येते. त्याचे कान तिकडे होते, पण तो उठला नाही. खरं सांगायचं तर मला वाईट वाटत होतं ते त्याच्या पायापेक्षा त्या शेवटच्या संध्याकाळचं.

शनिवार : परत

डॉक्टरांनी लांबचा सलग प्रवास टाळायला सांगितलं होतं, म्हणून दर दीड तासाला थांबायचं ठरवून सकाळी सहाला निघालो. दापोलीवरून खेड, कशेडीचा बोगदा, पोलादपूर, महाड. बोगद्यामुळे जुन्या घाटाची वळणं चुकली आणि ठकीचं पोट शांत राहिलं. समोरून मात्र गाड्यांची रांग कोकणाकडे निघालेली. काही काचांतून कुत्र्यांची डोकी बाहेर दिसली. डोकं बाहेर काढलेल्या कुत्र्याच्या डोळ्यात खडा जाऊन बुबुळाला जखम होते, हे त्या मालकांना कुणीतरी सांगायला हवं.

माणगावला पुन्हा आळीपाळीने जेवलो. ताम्हिणीच्या माथ्यावर हवा गार झाली तसा ढब्बू जागा झाला.

घरी आल्यावर आधी दोघांना ओल्या फडक्याने पुसलं. ढब्बूला अंघोळ नाहीच. मग दिव्याखाली बसून गोचिडांची तपासणी, कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, काखेत, शेपटीच्या खाली. ठकीच्या कानामागे एक सापडली. चिमट्याने कातडीला लागून धरून सरळ ओढून काढली, तोंडाचा भाग आत राहिला नाही ना ते बघितलं. पुढचे दोन-तीन आठवडे ताप, खाणं सोडणं, फिक्या हिरड्या यांवर लक्ष ठेवायचं, संशय आला तर लगेच रक्त तपासायचं.

टाके दहाव्या दिवशी निघाले. काकूंचा फोन आला होता, "पायाचं कसं आहे?" म्हणून. पुढे कधी येताय विचारलं तेव्हा मी म्हटलं, मार्चमध्ये लेकीला पिल्लं समुद्रात जाताना बघायचीत, तेव्हा आम्ही तिघं येऊ, आई कुत्र्यांजवळ पुण्यात थांबतील. दोघांना घेऊन दिवाळीच्या आधी, कासवं यायच्या अगोदर. "मग खळं तोवर सारवून ठेवते," काकू म्हणाल्या.